पोथी कुठपर्यंत आली?

पांडवप्रतापाचे अध्याय ६४. आमच्या घरी ही पोथी आषाढी एकादशीला लागते आणि कार्तिकी एकादशीला तिची समाप्ती होते. मधले दिवस साधारण ११८. रोज एक अध्याय घेतला तर पोथी अनंत चतुर्दशीच्या आसपासच संपते आणि पुढचे दोन महिने घर सुनं होतं. एक दिवसाआड घेतला तर १२८ दिवस लागतात, म्हणजे कार्तिकी उलटून दहा दिवस झालेले असतात. म्हणून घरचा दंडक असा, की एक दिवसाआड एक अध्याय आणि एकादशीला दोन. अशानं चारपाच अध्यायांची सवड उरते. ती तापाला, पाहुण्यांना, नाहीतर शेतातल्या अडीअडचणीला.

हे गणित मला कुणी तोंडी शिकवलं नाही. ते पोथीच्या शेवटच्या पानामागं लिहिलेलं आहे.

पोथी जुन्या पद्धतीची, आडव्या सुट्या पानांची. दोन लाकडी फळ्यांमध्ये धरलेली आणि लाल बासनात बांधलेली. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती, ती भरली तेव्हा कुणीतरी त्याच मापाचा जाड कागद कापून खाली ठेवला, आणि तोही भरला तेव्हा आणखी एक. तिथं मोडी अक्षरात बारीक ओळी आहेत. लहानपणी घरात सगळ्यांना वाटायचं, हे कुणाचं तरी देणं-घेणं असणार. मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं, आणि जुनं कर्ज कशाला उकरून काढायचं म्हणून कुणी विचारायलाही गेलं नाही. मी शाळेत ग्रंथपाल होते. चाळिशी उलटल्यावर मोडी शिकले ती याच पानासाठी. पहिली ओळ लागली तेव्हा मी ओसरीवर एकटीच होते. शके १८३३, आषाढ शुद्ध एकादशी, आरंभ. कार्तिक शुद्ध एकादशी, समाप्त. श्रोते ९.

शके १८३३ म्हणजे १९११. पणजोबांनी लिहिलेली ओळ. कर्ज नव्हतंच ते. वर्षाच्या वाचनाचा हिशोब होता.

आपल्याकडे ग्रंथ लिहिणाराच आधी असा हिशोब ठेवत आला. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हे साल येतं, म्हणजे इसवी सन १२९०. हातानं पोथ्या उतरवून घेणारे लेखकही शेवटी शक, तिथी, वार, गाव घालून मगच लेखणी खाली ठेवत. नाझऱ्याच्या श्रीधरांचं पाहा. हरिविजय १७०२, रामविजय १७०३, पांडवप्रताप १७१२, शिवलीलामृत १७१८. तीनशे वर्षं होऊन गेली तरी कोणता ग्रंथ कधी पुरा झाला हे आपण सांगू शकतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींचा, पुढं जावजी दादाजींचा निर्णयसागर असे छापखाने निघाले, आणि पोथी उतरवून घेण्याची गरज संपली. १८७० साली मुंबईहून भुसावळ, खंडवा, जबलपूर करत अलाहाबादला जाणारा लोहमार्ग पुरा झाला. आमचं गाव सावदा त्याच वाटेवर. रेल्वेनं आमच्या मुलखातून कापूस नेला, पुढं केळी नेली, आणि येताना छापील पोथ्या आणल्या. उतरवणारा गेला, पण शेवटी तिथी घालायची सवय गेली नाही. ती वाचणाऱ्यानं उचलली, असं मला ते पान पाहून वाटतं.

वाचनाची वाटणी करणं हे त्या काळी एक जाणतेपणाचं काम होतं. गुरुचरित्राचा सप्ताह घ्या. अध्याय ५३, दिवस ७. सरळ भागाकार केला तर रोज साडेसात अध्याय पडतील. पण रूढ वाटणी तशी नाही. पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, आणि पाचव्या दिवशी फक्त तीन, ३६ ते ३८. कारण छत्तिसावा अध्याय फार मोठा आहे. मग ४३, आणि सातव्या दिवशी ५३. ज्यानं ही वाटणी बसवली त्यानं आकडे पाहिले नाहीत, वाचणाऱ्याचा घसा आणि मांडी पाहिली. ज्ञानेश्वरीच्या ९ हजारांवर ओव्या सात दिवसांत घ्यायच्या तर रोज तेराशेच्या घरात ओव्या येतात. एकट्यानं हे ओझं झेपत नाही, म्हणून पारायणाला पंचवीस-पन्नास माणसं एका सुरात बसतात आणि व्यासपीठावरचा चालक सगळ्यांना बरोबर ठेवतो. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकाचे १० समास. रोज दोन समास धरले की शंभर दिवसांत पुरे. समर्थांनी हा ग्रंथ जणू मोजून वाचण्यासाठीच बांधला. त्या दासबोधासाठी आमच्या खानदेशानं मोठं काम केलं आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी कल्याणस्वामींच्या हातची डोमगावची प्रत मिळवली आणि १९०५ साली छापून लोकांच्या हाती दिली.

आणि धुळ्याचाच तुरुंग. १९३२ साली विनोबा तिथं बंदी होते. गीतेचे अध्याय १८. त्यांनी दर रविवारी एक अध्याय घेतला. २१ फेब्रुवारीला पहिला आणि १९ जूनला अठरावा. मी जुनं कॅलेंडर काढून ते रविवार बोटांवर मोजले. बरोबर अठरा भरतात, एकही सुटलेला नाही. समोर बसून साने गुरुजी शब्दन् शब्द उतरवून घेत होते, म्हणून आज गीता-प्रवचने आपल्या हाती आहेत. तुरुंगात दुसरं काही आपल्या हातात नसतं. कुठं निजायचं, काय खायचं, केव्हा उठायचं, सगळं सरकार ठरवतं. पुढच्या रविवारी कोणता अध्याय, एवढं मात्र त्यांनी स्वतः ठरवलं आणि पाळलं. मला ते फार मोठं वाटतं.

आता आमच्या पानाकडं परत येते, कारण तिथली एक नोंद मला अजून नीट बघवत नाही.

शके १८४०. आरंभ लिहिला आहे. श्रोते ११ लिहिले आहेत. मग, अध्याय ४१ अखेर, भाद्रपद वद्य एकादशी. आणि पुढं काही नाही. समाप्त हा शब्द नाही.

ते साल १९१८. पाऊस दगा देऊन गेलेला, आणि मुंबईहून रेल्वेच्या वाटेनं मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, ताप आत शिरलेला. त्या तापानं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. मुंबई इलाख्यात सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने सगळ्यात वाईट होते. भुसावळ एवढं मोठं जंक्शन, आणि आम्ही त्याच्या शेजारी. पणजोबा त्या भाद्रपद एकादशीला दोन अध्याय वाचून उठले. आठवड्याभरानं ते नव्हते. अकरा श्रोत्यांपैकी आणखी तिघं त्या महिन्यात गेली, असं आजोबा सांगायचे.

सुतक फिटलं, कार्तिकी गेली, पोथी तशीच पाटावर उघडी होती. आजोबांच्या चुलत्यांनी ती बासनात बांधायला घेतली तेव्हा पणजीनं हात धरला. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती आठ वर्षं रोज समोर बसलेली होती, आणि कोणत्या ओवीवर आवाज थांबला हे तिला पाठ होतं. आजोबांच्या तोंडून मी तिचं बोलणं कितीतरी वेळा ऐकलं आहे. “अर्धी पोथी बांधू नका. कुठी थांबली ते मले माहीत आहे.” तिनं मोरपीस बेचाळिसाव्या अध्यायावर ठेवलं, वर पांढरं फडकं टाकलं, आणि पोथी देवघरात तशीच आठ महिने राहिली.

पुढची ओळ मोडीत नाही. बालबोधात आहे, आणि अक्षरं एवढी मोठी की एका नोंदीनं तीन ओळींची जागा खाल्ली आहे. शके १८४१. ४२ पासून. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. मराठी शाळेत जेमतेम चौथीत. त्या अख्ख्या चातुर्मासात त्यांनी २३ अध्याय वाचले. ओवी फोडता येत नसे तिथं ते थांबत, आणि पणजी पाठ असलेलं पुढचं पद सांगे. न वाचता येणारी बाई वाचणाऱ्या पोराला वाट दाखवत होती. कार्तिकीला त्यांनी समाप्त लिहिलं. त्या शब्दातला मा दोनदा गिरवलेला आहे. शाई पसरून तिथं कागद पातळ झाला आहे. मी बोट फिरवते तेव्हा ते कळतं.

बहिणाबाई चौधरी याच मुलखातल्या, असोद्याच्या. त्यांनाही अक्षर येत नव्हतं. जात्यावर, शेतात रचलेलं घरातल्या पोरांनी टिपून घेतलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, ते पुस्तकात आलं. आमच्याकडच्या बायका निरक्षर होत्या हे खरं, पण त्या वाचनाबाहेर होत्या असं कुणी म्हटलं की मला राग येतो. गुरुचरित्र बाईनं वाचू नये अशी समजूत होती. आजी ते दाराआड बसून ऐके. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचणारा बसला की पहिला प्रश्न तिचाच असे, “काल पोथी कुठलोंग आली?” किती झाली, असं ती कधी विचारत नसे.

आजोबांनंतर वडील. ते केळीच्या व्यापारात हिशोबाला होते. सावद्याच्या स्टेशनावर वॅगन भरताना हमाल घड घेऊन समोरून जाई आणि वडील कागदावर रेघ ओढत. चार उभ्या, पाचवी त्यांवर आडवी. रात्री येऊन हातपाय धुऊन पोथीला बसत, आणि अध्याय संपला की त्याच पेन्सिलीनं पोथीच्या कागदावर तशीच रेघ. त्यांच्या काळच्या नोंदींत शब्द फार थोडे आहेत. बारा जुड्या, आणि शेवटी चार उभ्या रेघा. चौसष्ट. त्या चारांवरही एक आडवी.

मी १९५४ चा जन्म. दहा वर्षांची असताना वडिलांना डोळे आले आणि आठ दिवस पोथी मी वाचली. माझ्या त्या रेघा वाकड्या आहेत, वडिलांनी त्या खोडून पुन्हा काढल्या नाहीत.

वाचनालयाचा हिशोब मी पुढं शिकले. आपल्याकडं त्यालाही जुना इतिहास आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, जळगावचं, म्हणजे आजचं वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय, १८७७ चं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं उभी केली, आणि जिथं ती नव्हती तिथं पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. साधारण जळगावच्या वाचनालयाच्याच काळात, १८७८ साली, अमेरिकेत शटॉक्वा नावाच्या ठिकाणी एक वाचनमंडळ निघालं. चार वर्षांचा वाचनक्रम, दर वर्षी नेमलेली पुस्तकं, घरी बसून वाचायची, आणि पुरं केलं की प्रमाणपत्र. लहान गावांतल्या, कॉलेजची पायरी न चढलेल्या हजारो माणसांनी, त्यांत बायका फार, तो क्रम पुरा केला. त्यांची हकिकत मी वाचली तेव्हा मला पणजीच आठवली. नेमलेलं वाचन, ठरलेला काळ, आणि अखेरीस समाप्ती.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यानं अ, ब, क, ड असे वर्ग आले आणि वर्गाप्रमाणं अनुदान आलं. गावोगावच्या वाचनालयांना त्याचा मोठा आधार झाला, हे मी अनुभवानं सांगते. पण अनुदान आलं तसा आकडाही आला. किती पुस्तकं, किती सभासद, रोजची देवघेव किती. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मी जिल्ह्यातल्या एका छोट्या वाचनालयात काम करत होते. तपासणी आठवड्यावर आली होती आणि देवघेवीची नोंदवही पावसाळाभर जवळजवळ कोरी होती. मला सांगण्यात आलं, बसून भरून टाक. मी बसले. सभासदांच्या यादीतून नावं घेत गेले, दाखल नोंदवहीतून पुस्तकं घेत गेले, आणि तारखा टाकत गेले. चाळीसेक नोंदी झाल्या असतील. मग एका ओळीत मी एका गृहस्थांच्या नावावर श्यामची आई दिली, श्रावणातली तारीख घालून. लिहून झाल्यावर लक्षात आलं, ते तर आषाढातच वारले होते. मी त्यांच्या घरी भेटून आले होते.

त्या ओळीवर मी तांबड्या शाईनं रेघ मारली आणि पुढं लिहिलं नाही. नोकरी तीन महिन्यांत सुटली. घरी येऊन पोथीचा कागद काढला. मोडी तेव्हा येत नव्हती, पण आजोबांची ती मोठाली ४२ पासून दिसत होती. ते वाचन पुरं झालं नाही हे घरानं लपवलं नव्हतं. उलट जिथं तुटलं तिथलाच आकडा घालून पुढं नेलं होतं.

शाळेत ग्रंथपाल झाल्यावर मी मुलांच्या वहीत दोन रकाने पाडले. एक पुस्तकाच्या नावाचा, दुसरा ‘कुठं थांबलो’ याचा. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा कलामसाहेबांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन झाला. तोवर मी निवृत्त झाले होते, तरी शाळा बोलवायची. त्या दिवशी कुणी किती वाचली याची चढाओढ लागते. पुठ्ठ्यामागचा मजकूर उतरवून दहा पुस्तकं झाल्याचं सांगणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचा दोष मी मानत नाही. आपण आकडाच विचारला, त्यांनी आकडाच दिला. एका मुलानं दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, पान ३७, बैल विकला तिथं थांबलो, पुढं वाचवत नाही. असा वाचक मला वर्षभरात एक मिळाला तरी पुरे असे.

२०२० साली आश्विन अधिक होता, म्हणून चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. १ जुलैला आषाढी, आणि कार्तिकी नोव्हेंबर सरत आल्यावर. वाचनालयं बंद होती. ती १५ ऑक्टोबरपासून उघडायला परवानगी मिळाली. गावात रोज कुणाची तरी बातमी यायची. श्रोते घरी बोलवायची सोय नव्हती. मी फोन समोर ठेवून वाचत असे, पलीकडं माझी बहीण, दोन भावजया, आणि पुण्याहून नात. दिवस हाताशी भरपूर होते तरी एकेचाळिसाव्या अध्यायानंतर मी दोन दिवस थांबले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी बहिणीनंच विचारलं, “काल कुठं थांबलीस?” मग बेचाळिसावा लागला.

नात आता नोकरी करते. जानेवारीत ती फोनवर वर्षाचा आकडा घालते, ५२ पुस्तकं, आठवड्याला एक. फोन तिला सांगतो, किती झाली आणि किती मागं आहेस. गेल्या वर्षी नवरात्रात तिचा फोन आला. ३१ वर अडकली होती, कामाचा व्याप, झोप नाही, आणि त्यात हे मागं पडल्याचं ओझं. आता सोडून देते म्हणाली. मी तिला सोडू नको म्हटलं नाही. एकतिसावं कोणतं, आणि त्यात कुठं थांबलीस, एवढंच विचारलं. ती बराच वेळ त्या पुस्तकाविषयी बोलत राहिली.

कार्तिकीला ती सावद्याला आली. एकसष्ट अध्याय झाले होते, तीन तिच्यासाठी राखून ठेवले होते. धाब्याच्या जुन्या घराची आता स्लॅब झाली आहे, पण देवघर तिथंच आहे. तिनं पोथी मांडीसमोरच्या पाटावर घेतली आणि अडखळत, जोडाक्षरं फोडत वाचलं. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. आरती झाली. दुसऱ्या दिवशी बारशीच्या वरण-बट्टीसाठी पीठ चाळायला मी उठत होते, तर तिनं कागद पुढं ओढला. पेन्सिलीनं शेवटच्या तीन रेघा ओढल्या आणि विचारलं, “आजी, या सगळ्या वर्षांत शेवटच्या चारवर आडवी रेघ आहे. चौसष्टला ती कशी येईल?”

मी तिला पान उलटून पहिला अध्याय काढून दिला. समाप्तीच्या दिवशी उठायच्या आधी पहिला अध्याय पुन्हा लावायचा, ही वडिलांची रीत. तो वाचून झाला की मग आडवी रेघ. पावणेबारा वाजले होते. ती पुन्हा बसली.